रिपोर्टमध्ये ८२ चे ७१ झाले, फुफ्फुस संपत चाललंय का?

पत्र (थोडं कापून):

"ताई नमस्कार. मी धरणगाव तालुक्यातला, वय ४८, कापसाच्या जिनिंगमध्ये (सरकी काढायच्या कारखान्यात) कामाला आहे. दमा बाविसाव्या वर्षापासून. डॉक्टर मधून मधून फुंकायची टेस्ट करायला लावतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ८२ टक्के आलं होतं, २०२२ ला ७८ आणि २०२४ च्या डिसेंबरात ७१. डॉक्टरांकडे गर्दी होती, ते म्हणाले पंप रेग्युलर घ्या, बाकी बोलणं झालं नाही. खरं सांगायचं तर रोजचा पंप मी दिवाळीच्या आधीच सोडलाय कारण दम लागतच नाही, लागला तर निळा पंप मारतो. आई म्हणते पंप लागला का सुटत नाही. बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन ९८ येतो, तीन गोळ्यांचं यंत्र पण घरी आहे, तिन्ही गोळ्या वर जातात. मग ७१ खरं का ९८ खरं? दरवर्षी असंच कमी होत जाणार का? प्राणायामाने वाढेल का? टेस्टच्या वेळी चक्कर आली होती, परत करायची भीती वाटते. तिन्ही रिपोर्टचे फोटो पाठवतोय."

भाऊ, नमस्कार.

तिन्ही रिपोर्ट पाठवलेत हे फार बरं केलं, लोक फक्त टक्का लिहून पाठवतात आणि मग मला काहीच सांगता येत नाही. आधी सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. मी पीएफटी, म्हणजे फुफ्फुसाच्या फुंकायच्या टेस्टची, टेक्निशियन आहे, एकवीस वर्षं जळगावात छातीच्या डॉक्टरांकडे लोकांना "फुका फुका फुका, आखो फुका" करत त्या मशीनच्या अलीकडे उभी असते. त्यामुळे औषध कोणतं, किती, हे तुमचे डॉक्टरच सांगतील, पण तो कागद कसा वाचायचा हे मी नक्की सांगू शकते.

पहिलं म्हणजे टक्का बाजूला ठेवा आणि लिटर बघा. रिपोर्टमध्ये एफव्हीसी आणि एफईव्ही वन असे दोन आकडे असतात. एफव्हीसी म्हणजे छाती गच्च भरून घेतल्यावर एकूण किती हवा बाहेर काढली, आणि एफईव्ही वन म्हणजे त्यातली पहिल्या एका सेकंदात किती निघाली. दम्यात फुफ्फुस लहान होत नाही, नळ्या अरुंद होतात, म्हणून हवा निघते पण हळू निघते. हंडा तोच, तोंड बारीक झालं. डिसेंबरात तुमचा एफव्हीसी ३.०६ लिटर आणि एफईव्ही वन २.०२, म्हणजे साधारण ६६ टक्के हवाच पहिल्या सेकंदात बाहेर आली. मोठ्या माणसात हे प्रमाण सहसा ७५-८० च्या वर असतं. म्हणजे अडथळा आहे, यात शंका नाही.

आता तो ७१ चा टक्का येतो कुठून? तुमच्या वयाच्या, तुमच्या उंचीच्या पुरुषाचा अपेक्षित आकडा मशीनमध्ये असतो, त्याच्याशी तुमचा एफईव्ही वन ताडतात. उंची का विचारतात असं पेशंट नेहमी विचारतात, तर जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८४६ सालीच पाण्यातल्या स्पायरोमीटरवर (फुंकलेली हवा मोजायच्या यंत्रावर) दोन हजारांवर माणसं फुंकून घेतली होती आणि उंचीप्रमाणे फुफ्फुसाची हवा वाढते, वयाप्रमाणे घटते हे दाखवलं होतं, तेच अजून चालू आहे. आणि तुमच्या रिपोर्टमध्ये नेमकी तिथेच गडबड आहे. २०१९ आणि २०२२ ला तुमची उंची १६४ लिहिलीय, डिसेंबरच्या रिपोर्टवर १६७. तुम्ही तोंडी सांगितली असेल किंवा चपलेसकट मोजली असेल. उंची वाढवली की अपेक्षित आकडा वाढतो आणि तुमचा टक्का आपोआप पडतो, माझ्या अंदाजाने ७१ च्या जागी ७३ आला असता. फार मोठा फरक नाही, पण ज्या आकड्याने तुमची झोप उडालीय त्यातले दोन टक्के चपलेचे निघावेत हे मला पटत नाही. पुढच्या वेळी चप्पल काढून भिंतीला पाठ लावून उंची मोजून घ्या आणि तीच लिहायला लावा.

आता लिटर. पंप मारायच्या आधीचा एफईव्ही वन: २०१९ ला २.३८, २०२२ ला २.२०, २०२४ ला २.०२. पाच वर्षांत ३६० मिली गेले. हे वाचून घाबरायला होतं मान्य आहे, पण कागदाच्या उजव्या बाजूला अजून एक रकाना आहे, तो बहुतेक तुम्ही बघितलाच नाही. निळा पंप देऊन दहा-पंधरा मिनिटं बसवलं होतं ना, आणि मग परत फुंकायला लावलं होतं? त्याचा तो रकाना. २०२४ ला पंपानंतर २.०२ चे २.३४ झाले. म्हणजे ३२० मिली वर आले, जवळजवळ १६ टक्के. बारा टक्के आणि २०० मिली दोन्ही वाढलं की नळ्या उघडू शकतात असं आम्ही वर्षानुवर्षं धरत आलो, अलीकडे हिशोबाची पद्धत जरा बदललीय, अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त वाढ असं बघतात, तुम्ही दोन्ही पद्धतीत बसता.

२०१९ ला पंपानंतरचा आकडा होता २.५२. म्हणजे पंपानंतरचा पंपानंतरच्याशी लावून बघितला तर घट १८० मिलीची आहे, ३६० ची नाही. हे नीट समजून घ्या कारण सगळी गोष्ट इथेच आहे. पंपाआधीचा आकडा सांगतो की त्या दिवशी तुमच्या नळ्या किती आवळलेल्या होत्या. पंपानंतरचा सांगतो की आवळ सोडवल्यावर खाली काय शिल्लक आहे. पहिला आकडा औषधाने, ऋतूने, सर्दीने, धुळीने वरखाली होतो, दुसरा सहसा सावकाश हलतो. तुमची निम्मी घट ही आवळलेल्या नळ्यांची आहे, ती उपचाराने परत मिळू शकते. आणि नळ्या आवळलेल्या का होत्या हे तुम्हीच पत्रात लिहिलंय, दिवाळीआधी रोजचा पंप सोडला आणि डिसेंबरात, ऐन जिनिंगच्या सीझनला, टेस्ट दिली. पहिली टेस्ट मात्र ऑगस्टची, तेव्हा जिनिंग बंद आणि पंप चालू. मग हे दोन आकडे शेजारी ठेवून काय कळणार?

उरलेले १८० मिली. वय वाढतं तसं प्रत्येकाचं थोडं कमी होतंच, माझंही होतंय. कोपनहेगन शहरातल्या हजारो लोकांवर १५ वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास १९९८ साली छापून आला, त्यात दमा नसलेल्यांचा एफईव्ही वन वर्षाला सरासरी २२ मिलीने कमी होत होता आणि दमा असलेल्यांचा ३८ ने. तुमचे पाच वर्षांत १८० म्हणजे वर्षाला ३५ च्या आसपास. म्हणजे जुना दमा असलेल्या माणसाचं जसं होतं तसंच तुमचं चाललंय, फुफ्फुस कोसळतंय असं नाही. पण इथे मला तुम्हाला दुसऱ्या बाजूनेही सावध करायचंय, दोन टेस्टवरून रेघ ओढू नका. एकाच बैठकीत एकाच माणसाच्या दोन चांगल्या फुंकींमध्ये १५० मिलीपर्यंत फरक आम्ही चालवून घेतो. वर्षा-वर्षातला फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर तो मापाचाच खेळ असू शकतो, आणि तुमचा २०२२ ते २०२४ चा फरक साधारण ८ टक्के आहे. चार-पाच टेस्ट, त्याच मशीनवर, त्याच ऋतूत, पंपानंतरचा आकडा, असं असेल तर ती रेघ खरी. म्हणून डॉक्टर मधून मधून टेस्ट सांगतात. औषध सुरू करताना एक, मग तीन ते सहा महिन्यांनी एक, आणि मग स्थिर माणसाची वर्ष-दोन वर्षांनी एक, साधारण असं असतं. तुम्हाला वाटलं पैसे काढायला सांगतात, पत्रात तुम्ही तसं लिहिलं नाही पण मला ते जाणवलं, आणि रोज कोणीतरी तोंडावर म्हणतंच.

"दम लागतच नाही" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय. गावाकडची आजी आली तर विचारते मी, दम लागस का? ती म्हणते नाही बाई, काहीच नाही. आणि फुंकल्यावर एफईव्ही वन निम्मा. ती खोटं बोलत नसते. पंचवीस-तीस वर्षं दमा असला की माणसाला आवळलेल्या छातीची सवय होऊन जाते आणि तो नकळत आपलं काम कमी करतो, चढ टाळतो, बोलताना थांबतो, पाण्याची कळशी सुनेकडे देतो. माझे वडील दर चैत्रात इकडून गडावर, सप्तशृंगीला, पायी जायचे. मग एका वर्षी म्हणाले गुडघे दुखतात, गाडीने जाऊ. आम्ही सगळ्यांनी गुडघ्याचं तेल आणलं. तेव्हा मी या कामात नव्हते, आमच्या घरात फुंकायची टेस्ट कोणाला माहीत नव्हती. आज मला पक्कं वाटतं की ते गुडघे नव्हते. त्यांचा एकही आकडा माझ्याकडे नाही, एकही रिपोर्ट नाही. त्यामुळे भाऊ, तुम्ही तीन कागद जपून ठेवलेत याचं मला किती बरं वाटलं ते सांगू शकत नाही. आता प्रामाणिकपणे आठवा, पाच वर्षांपूर्वी जे सहज करत होतात आणि आता करत नाही असं काय काय आहे, वहिनींना विचारा, त्यांना जास्त माहीत असेल.

ऑक्सिजनच्या मशीनचं. कोरोनात ते घराघरात आलं, चांगली वस्तू आहे, पण ते फुफ्फुसाची ताकद मोजत नाही. रक्तात किती टक्के ऑक्सिजन आहे एवढंच ते सांगतं, आणि दम्यात नळ्या बऱ्याच अरुंद झाल्या तरी तो ९७-९८ राहतो, तो उतरायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणजे तुमचे ९८ पण खरे आणि ७१ पण खरे, दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतायत. एक्स-रेचंही तसंच, दम्यात तो बहुतेक वेळा नॉर्मल येतो. आणि तीन गोळ्यांचं यंत्र तर मोजायचं यंत्रच नाही, त्यात श्वास आत ओढायचा असतो, ऑपरेशननंतर छाती फुलावी म्हणून तो व्यायाम देतात. दम्याचा त्रास हवा बाहेर टाकताना आहे. तिन्ही गोळ्या वर जाणारे आणि एफईव्ही वन ५० टक्के असलेले पेशंट मी पाहिलेत.

घरी खरंच मोजायचं असेल तर पीक फ्लो मीटर घ्या. प्लास्टिकची नळी असते, बाजूला काटा, मेडिकलवर किंवा ऑर्डर देऊन काही शे रुपयांत मिळते. काटा शून्यावर आणायचा, उभं राहायचं, छाती भरून घ्यायची, ओठ घट्ट लावायचे आणि एकदम जोरात फट्‌ करून सोडायचं, मेणबत्ती विझवतो तसं, लांबवायचं नाही. तीनदा करून सगळ्यात मोठा आकडा वहीत. सकाळी उठल्या उठल्या, पंप घ्यायच्या आधी, आणि संध्याकाळी. समजा सकाळी ३४० आणि संध्याकाळी ४२० आलं, फरक ८०, मधला आकडा ३८०, म्हणजे एका दिवसात २१ टक्क्यांची चढउतार. एक-दोन आठवड्यांची सरासरी १० टक्क्यांच्या वर जात असेल तर मोठ्या माणसात दमा ताब्यात नाही असं समजतात. पहाटे नळ्या जास्त आवळतात, म्हणून सकाळचा आकडाच खरा बोलतो.

आणि तुमच्यासाठी या वहीचा अजून एक मोठा उपयोग आहे. तुम्ही जिनिंगला आहात. कापसाची ती तूस, पाल्याचा भुगा, सरकीची धूळ, आत गेलं की दोन मिनिटांत नाकात बसते. चार आठवडे दिवसातून चार वेळा मोजा, कामावर जाताना, मधल्या सुट्टीत, सुटल्यावर आणि झोपताना, आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्याच वेळांना. सुट्टीच्या दिवशी आकडे वर आणि कामाच्या दिवशी खाली असं दिसलं तर ते डॉक्टरांना दाखवा, कारण मग नुसतं औषध वाढवून भागत नाही, धूळच तुमचा दमा पेटवतेय. सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती जास्त जड होते का हेही वेगळं लिहा, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस म्हणून एक आजार आहे, त्याची ही जुनी ओळख आहे. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ थांबत नाही, एन-९५ लावा, आणि ती वही दाखवून मालकांना वजनकाट्यावर किंवा बाहेरच्या कामावर द्यायला सांगता आलं तर बघा. पोटावर पाय येईल म्हणून लोक हे बोलत नाहीत ते मला माहीत आहे, पण वहीतले आकडे घेऊन बोलणं आणि नुसतं "त्रास होतो" म्हणणं यात फरक पडतो.

चांगल्या दिवसांतला तुमचा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे तुमचा बेस्ट. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असाल तर ठीक, ५० ते ८० मध्ये घसरलात तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध वाढवायचं आणि त्यांना फोन करायचा, ५० च्या खाली आला किंवा एक वाक्य एका दमात पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, तर निळा पंप मारत थेट मोठा दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही.

आईंना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. पंप सुटत नाही हे पंपामुळे नाही, दमा जुना आहे म्हणून. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये, म्हणजे पंपातलं कितीतरी कमी, आणि ते थेट नळ्यांत जातं, घेतल्यावर फक्त चूळ भरून थुंकायचं. निळा पंप नळी तेवढ्यापुरती उघडतो, आतली सूज तशीच. ती सूज वर्षानुवर्षं राहिली की नळीची भिंतच जाड होते आणि मग पंपानंतरचा आकडाही वर येत नाही, तो मिळालेला १६ टक्क्यांचा उठाव हळूहळू संपतो. मोठे अटॅक, म्हणजे ज्यात सलाईन लागतं, स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स लागतो, ते ज्यांना वारंवार येतात त्यांची घट जास्त वेगाने होते हेही अभ्यासात दिसलंय. त्या कोपनहेगनच्या लोकांची मापं १९७६ ते १९९४ ची आहेत, तेव्हा स्टेरॉइडचा पंप आजच्याइतका सर्रास दिला जात नव्हता. तुमच्याकडे तो आहे आणि कपाटात पडलाय. २०१९ पासून तर दम्याच्या जागतिक गाइडलाइनमध्ये नुसत्या निळ्यावर कुठल्याच मोठ्या माणसाला ठेवू नका असं स्पष्ट सांगितलंय. काहींना एकच पंप रोजचा आणि दम लागल्यावरचा असा दोन्हीला देतात, तुम्हाला दोन पंपांचा कंटाळा असेल तर डॉक्टरांना हे नक्की विचारा.

प्राणायाम करा, त्याने बरं वाटतं, श्वास घाबरा होत नाही. एफईव्ही वन त्याने वाढत नाही. पंपाच्या जागी नको, पंपासोबत.

चक्कर. जोरात आणि लांब फुंकल्यावर बऱ्याच जणांना येते, क्षणभराची असते. खुर्चीवर बसून टेस्ट करा, दोन फुंकींमध्ये मिनिटभर थांबायला मागा, आम्ही देतो, न देणाऱ्याला स्पष्ट सांगा. सकाळी हलकं खाऊन जा, उपाशी नको आणि भरीत-भाकरी दाबूनही नको. पट्टा सैल. तासभर आधी पळापळ नको, विडी-सिगारेट नको. निळा पंप चार-सहा तास आधीपासून घ्यायचा नाही, पण दम लागला तर घ्यायचा आणि येऊन तसं सांगायचं. रोजचा पंप त्या दिवशी घ्यायचा का नाही हे डॉक्टरांना विचारा आणि दर वेळी तेच करा, एकदा घेऊन एकदा न घेऊन असं नको. तीन फुंकी तरी चांगल्या यायला हव्यात, खोकला आला, मध्येच सोडलं, ओठातून हवा गळली तर ती फुंक बाद. तुमच्या २०२२ च्या रिपोर्टमधला आलेख बघितला, दोनच फुंकी आहेत आणि एक अर्ध्यात तुटलीय, पंपानंतरचा रकाना रिकामा. म्हणून मी त्या ७८ ला फार किंमत देत नाही. आणि लॅबमध्ये विचारायला लाजू नका की आज ३ लिटरच्या सिरिंजने मशीन तपासलं का, ज्याने तपासलंय त्याला राग येत नाही. छातीचं, पोटाचं, डोळ्याचं ऑपरेशन किंवा हार्टअटॅक नुकताच झाला असेल तर मात्र आधी सांगायचं, टेस्ट पुढे ढकलतात. खर्चाची अडचण असेल तर जळगाव आणि धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या छातीच्या ओपीडीत केसपेपर काढून विचारून बघा.

तर आता असं करा. या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन पंप सोडला होता हे खरं सांगा, रागावतील थोडे, रागावू द्या. तो परत सुरू करा, पंप घेताना एकदा त्यांच्यासमोर घेऊन दाखवा कारण निम्मे लोक औषध जिभेवर मारतात. वही सुरू करा. आणि येत्या ऑगस्टमध्ये, जिनिंग बंद असताना, सर्दी-खोकला होऊन गेला असेल तर महिनाभर सोडून, २०१९ ला जिथे केली त्याच मशीनवर टेस्ट करा, उंची चप्पल काढून मोजलेली. माझा अंदाज आहे पंपाआधीचा आकडा २.०२ च्या बराच वर दिसेल. पंपानंतरचा २.३४ च्या आसपास टिकला तर पाच वर्षांत जे गेलं ते गेलं पण पुढची गळती हळू आहे असं म्हणता येईल, आणि तो २.१० वगैरे निघाला तर मात्र डॉक्टरांना उपचार बदलायला लागेल, तेव्हा तोच कागद त्यांच्यापुढे ठेवा. मला दोन्ही पानांचा फोटो पाठवा, आलेखासकट.